पाळणा हलेल हो, पण आईचं काय?

(पोस्ट मोठी आहे. घरात, भावकीत, शेजारी कुणाचे उपचार चालू असतील किंवा करायचा विचार असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचा.)

केजच्या बसस्थानकापासून तहसीलपर्यंत पायी गेलात तर सध्या चार-पाच मोठे फ्लेक्स दिसतील. बाकीचे वाढदिवसाचे आणि भावी अमुकतमुकांचे. एक मात्र गुलाबी रंगाचा, त्यावर गोरंपान, निळ्या डोळ्यांचं बाळ आणि खाली ठळक अक्षरांत 'आता तुमच्याही घरी पाळणा हलणार'. मोफत वंध्यत्व तपासणी शिबिर, पुण्या-मुंबईचे तज्ज्ञ, सुलभ हप्त्यांची सोय, यशाची खात्री. असले फ्लेक्स आता अंबाजोगाई, परळी, माजलगाव, धारूर, कुठेही गेलं तरी दिसतात. मंगल कार्यालयात शिबिर भरतं, सकाळी आठपासून बायकांची रांग लागते, हातात जुन्या फायलींच्या पिशव्या.

या फ्लेक्सवर सगळं असतं. एक ओळ नसते. गर्भ राहिल्यावर पुढचे नऊ महिने या बाईच्या शरीराचं काय होऊ शकतं, आणि तेव्हा तिच्याकडे कोण बघणार.

आधीच सांगते, ही पोस्ट टेस्ट ट्यूब बेबीच्या विरोधात नाही. वीस वर्षं तालुक्याची बातमीदारी करतेय. मूल नाही म्हणून बाईचे काय हाल होतात ते मला कुणी सांगायची गरज नाही. डोहाळजेवणात तिला मागे बसवतात, ओटी भरायला पुढे येऊ देत नाहीत. नवऱ्याची तपासणी एकदाही झालेली नसते आणि त्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात. अशा बाईला विज्ञानाने एक दार उघडून दिलं, त्याचा मला आनंदच आहे.

आणि या विज्ञानात आपल्या माणसांचा वाटा मोठा आहे. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून भारतातलं पहिलं बाळ जन्मलं. सरकारी समितीने त्यांचं म्हणणं मानलं नाही, अवहेलना झाली, १९८१ साली त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात, म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यात, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून मुंबईचं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं. आज जगभरात अशी एक कोटीहून जास्त मुलं आहेत आणि त्यातली बहुसंख्य ठणठणीत आहेत. एवढं मोठं काम सरकारी दवाखान्यात झालं होतं. मग ते पॅकेज, हप्ता आणि फ्लेक्सवर कधी आलं, हा प्रश्न मनात ठेवा.

आता मुद्द्यावर येते.

आपल्याच तालुक्यातल्या एका गावातली गोष्ट सांगते. घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही देत नाही. बाई तेहतीस वर्षांची, लग्नाला अकरा वर्षं. नवरा पिकअप चालवतो. दोन वेळा उपचार फसले. तिसऱ्या वेळी दोन भ्रूण सोडले. गर्भ राहिला, सोनोग्राफीत जुळं दिसलं. घरात पेढे वाटले. तिन्ही वेळचा खर्च सहा लाखांच्या पुढे गेला होता, एक एकर गहाण पडलं होतं, त्यामुळे सासरे म्हणाले, 'देवाने एका खर्चात दोन दिली.' दहाव्या-अकराव्या आठवड्यात शहरातल्या सेंटरने फाईल हातात दिली आणि सांगितलं, आता तुमच्या जवळच्या डॉक्टरांना दाखवत जा.

ती फाईल कपाटात गेली. कारण गावात सांगितलेलं होतं की गर्भ नवसाने राहिला. आशाताईला सांगितलं नाही, सिस्टरला सांगितलं नाही, तालुक्याच्या डॉक्टरलाही 'ट्रीटमेंट चालू होती' एवढंच. मधल्या काळात बीपी दोनदा मोजलं गेलं. सातव्या महिन्याच्या शेवटी पाय सुजले. बायका म्हणाल्या, जुळं आहे, सुजणारच. मग डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली कळ. पित्ताची गोळी दिली. रात्री दोन वाजता झटके आले. आधी एका दवाखान्यात, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. सिझर झालं. एक बाळ तेराशे ग्रॅमचं, दुसरं अकराशे. दोघांना काचेच्या पेटीत ठेवलं. लहान बाळ चौथ्या दिवशी गेलं. आई नऊ दिवस आयसीयूमध्ये होती, वाचली. मोठं लेकरू आता दीड वर्षाचं आहे, परवा अंगणात उभं राहिलेलं बघितलं.

गावात सगळे म्हणतात, नशीब. एक गेलं, एक राहिलं, आई वाचली, देवाची कृपा.

मी या घटनेनंतर वर्षभर बऱ्याच डॉक्टरांशी बोलले, सरकारीही आणि खासगीही. आणि माझं ठाम मत झालंय की यात नशिबाचा भाग थोडा आहे. बराचसा भाग आधी माहीत असलेला होता. फक्त तो जिला माहीत पाहिजे तिलाच सांगितला गेला नव्हता.

माहीत असलेलं म्हणजे काय, ते साध्या भाषेत सांगते.

पहिला धोका गर्भ राहायच्या आधीचा. एरवी महिन्याला एक स्त्रीबीज तयार होतं. आयव्हीएफमध्ये दहा-बारा दिवस इंजेक्शनं देऊन एकदम बरीच बीजं तयार करतात. काही बायकांची अंडाशयं या औषधाला गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देतात, फुगतात, रक्तवाहिन्यांतलं पाणी झिरपून पोटात साठतं, रक्त घट्ट होतं. पोट गच्च होणं, दिवसात किलोभर वजन वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं ही त्याची लक्षणं. सौम्य त्रास बऱ्याच जणींना होतो आणि तो आपोआप जातो. गंभीर प्रकार थोड्यांनाच होतो, पण होतो तेव्हा रक्ताच्या गुठळीपर्यंत जाऊ शकतो. पीसीओडी असलेल्या, तरुण, सडपातळ बायकांना धोका जास्त. हे टाळायचे मार्गही आहेत. औषधाचा डोस बेतून देता येतो, शेवटचं इंजेक्शन बदलता येतं, भ्रूण गोठवून ठेवून महिना-दोन महिन्यांनी सोडता येतात. म्हणजे ज्ञान आहे, उपाय आहे. प्रश्न एवढाच की रात्री अकरा वाजता पोट फुगलं तर तिने कुठल्या नंबरवर फोन करायचा? दीडशे किलोमीटरवरच्या रिसेप्शनवर?

दुसरा धोका जुळ्याचा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. निसर्गाने शंभरेक बाळंतपणांत एखादं जुळं होतं. दोन भ्रूण सोडले की गर्भ राहिलेल्या चार बायकांमागे साधारण एकीला जुळं असतं. आपल्याकडे जुळं म्हणजे लॉटरी. वैद्यकशास्त्रात जुळं म्हणजे जोखमीची गरोदर. निम्म्याहून जास्त जुळी दिवस भरायच्या आधी जन्मतात. एकुलत्या गर्भात हे प्रमाण दहात एखाद्याचं असतं. जुळ्यात आईचं बीपी वाढण्याचा धोका दुप्पट-तिप्पट. गरोदरपणातली साखर, रक्त कमी पडणं, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, सिझर, सगळंच वाढतं. आणि दोन लेकरं पेटीत ठेवायची तर खासगीत रोजचं बिल किती येतं, हे ज्यांनी भरलंय त्यांना विचारा.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. एकच बाळ असलं तरी आयव्हीएफच्या गर्भात काही धोके नेहमीपेक्षा जास्त असतात. बीपी वाढणं, वार खाली असणं, वार गर्भपिशवीला घट्ट चिकटणं, दिवसांआधी बाळंतपण, बाळाचं वजन कमी भरणं. याचं कारण थोडं उपचारात आहे आणि थोडं ज्या कारणाने मूल होत नव्हतं त्यात आणि वयात आहे. गोठवलेलं भ्रूण नुसत्या गोळ्या-इंजेक्शनांवर तयार केलेल्या पाळीत सोडलं की बीपीचा धोका वाढतो असं दिसून आलंय. कारण त्या पाळीत बीज सुटत नाही आणि बीज सुटल्यावर अंडाशयात जो पीतपिंड तयार होतो तो नसतो. दुसऱ्या बाईचं बीज वापरलं असेल तर बीपीचा धोका त्याहून जास्त. आणि नेमकी हीच गोष्ट घरात सर्वात जास्त लपवली जाते. कधी कधी सासूलाच काय, तिला स्वतःलाही नीट सांगितलेलं नसतं.

आणखी एक. क्वचित एक गर्भ पिशवीत आणि दुसरा नळीत राहतो. एरवी हे तीस हजारांत एखाद्या वेळी होतं, आयव्हीएफनंतर कितीतरी जास्त वेळा. सोनोग्राफीत पिशवीतला गर्भ दिसला की सगळे निर्धास्त होतात. नंतर पोटात अचानक कळ आली, चक्कर आली, की ते गॅसेस म्हणून अंगावर काढायचं नाही, एवढं तरी तिला माहीत पाहिजे.

घाबरू नका. यातल्या बहुतेक बायकांची बाळंतपणं सुखरूप होतात. पण धोका वाढलेला आहे हे माहीत असलं तर काय करता येतं ते बघा. बीपीचा धोका असलेल्या गरोदर बाईला सोळाव्या आठवड्याच्या आत कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करता येते. अगदी स्वस्त गोळी आहे. (डॉक्टरांना विचारूनच, मनाने नाही.) दर भेटीत बीपी आणि लघवी तपासता येते. बीपी १४०/९० च्या वर गेलं की सावध होता येतं. बाळ लवकर जन्मणार असं दिसलं तर आईला आधी इंजेक्शन देऊन बाळाची फुफ्फुसं तयार करता येतात. झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट सरकारी दवाखान्यात असतं. बाळंतपण कुठे करायचं हे सातव्या महिन्यातच ठरवता येतं, जिथे लहान बाळांचा अतिदक्षता कक्ष आहे अशा ठिकाणी. वर सांगितलेल्या बाईच्या बाबतीत यातलं काय झालं? काहीच नाही. कारण तिची गरोदरपणाची जोखीम कुणाच्याच कागदावर नव्हती. सेंटरचं काम गर्भ राहिला तिथे संपलं. आणि इथल्या डॉक्टरला सुरुवात कुठून झाली तेच ठाऊक नव्हतं.

मग हे असं का होतं? फक्त डॉक्टर लुटारू म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ते खरं नाही.

पैशाचं गणित बघा. परदेशात काही देशांनी हा प्रश्न सोडवलाय. स्वीडनने २००३ पासून बहुतेक बायकांमध्ये एका वेळी एकच भ्रूण सोडायचा नियम केला. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात आयव्हीएफच्या बाळंतपणांत जुळ्या-तिळ्यांचं प्रमाण २८ टक्के होतं, ते २०१९ पर्यंत ६ टक्क्यांवर आलं. एक भ्रूण सोडायचं, उरलेलं गोठवायचं, नाही राहिलं तर पुढच्या वेळी ते सोडायचं. दोन्ही वेळा मिळून मूल होण्याची शक्यता जवळपास तेवढीच राहते आणि जुळ्याचा धोका जातो. पण तिथे बऱ्याच ठिकाणी सरकार खर्चाचा भार उचलतं. आपल्याकडे एक एकर गहाण टाकून आलेला माणूस म्हणतो, 'डॉक्टरसाहेब, एकदाच पैसे आहेत, दोन सोडा.' डॉक्टरलाही आपला निकाल चांगला दिसायला हवा असतो. दोघांचं जमतं. धोका मात्र तिसरीच्या पोटात वाढतो, आणि त्या बोलण्यात तिला कुणी विचारलेलं नसतं.

यशाच्या आकड्याचंही तसंच. 'यश' म्हणजे काय? लघवीची टेस्ट पॉझिटिव्ह आली ते यश, सोनोग्राफीत ठोके दिसले ते यश, की बाळ घरी आलं आणि आई सुखरूप चालत घरी आली ते यश? तीन वेगळे आकडे आहेत. फ्लेक्सवर कुठला छापलाय ते लिहिलेलं नसतं. तिशीतल्या बाईचा आकडा आणि बेचाळिशीतल्या बाईचा आकडा यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, तेही लिहिलेलं नसतं.

कायदा नाही असं नाही. सहायक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा २०२१ साली झाला, २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ ही मर्यादा आहे. हे गरजेचं होतं, कारण २०१९ मध्ये आंध्रातल्या गुंटूरला सत्तरी ओलांडलेल्या आजीबाईंना आयव्हीएफने जुळं झालं आणि आपण ती बातमी चमत्कार म्हणून छापली होती. सेंटरची नोंदणी सक्तीची आहे. पहिल्या स्तराच्या क्लिनिकला फक्त आययूआय करता येतं, आयव्हीएफसाठी दुसऱ्या स्तराची नोंदणी लागते. जोडप्याला खर्च, यशाची शक्यता, दुष्परिणाम आणि जुळ्या-तिळ्यांचा धोका समजावून सांगणं हे कायद्याने क्लिनिकचं कर्तव्य आहे. तक्रार कक्ष असणंही बंधनकारक आहे. प्रत्यक्षात समुपदेशन म्हणजे इंग्रजीतल्या पंधरा पानांवर सही. मी ज्या बायकांशी बोलले त्यातल्या एकीलाही त्या पानांत काय होतं ते सांगता आलं नाही.

आता कायद्यातली एक गोष्ट सांगते, ती वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. सरोगसी करणाऱ्या बाईसाठी जोडप्याने ३६ महिन्यांचा विमा काढायचा असतो, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीसकट. स्त्रीबीज देणाऱ्या बाईसाठी १२ महिन्यांचा विमा. दोन्ही योग्यच आहे, कारण या उपचारात शरीराला धोका असतो हे सरकारने मान्य केलंय. मग स्वतःच्या संसारासाठी जी बाई इंजेक्शनंही घेते आणि नऊ महिने गर्भही वाढवते, म्हणजे दोघींचा धोका एकटी उचलते, तिच्यासाठी? तिच्यासाठी अशी सक्ती नाही. बाजारातल्या नेहमीच्या मेडिक्लेममध्ये बहुतेक वेळा वंध्यत्वाचे उपचार बाहेर ठेवलेले असतात. सरोगसीच्या २०२२ च्या नियमांत तर एका वेळी एकच भ्रूण, खास परिस्थितीतच तीनपर्यंत, असं स्पष्ट म्हटलंय. दुसऱ्याच्या पोटाची एवढी काळजी आणि घरच्या लक्ष्मीला 'होईल सगळं नीट'. परक्या बाईच्या बाबतीत करार असतो, म्हणून हक्क आठवतात. बायकोच्या बाबतीत त्याग गृहीत धरलेला असतो.

हे मी बीड जिल्ह्यात बसून लिहितेय, याला अर्थ आहे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. सोनोग्राफीच्या खोलीत काय चाललंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, विचारत कुणी नव्हतं. मग ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचं प्रकरण २०१९ साली बाहेर आलं. सरकारी समितीने ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पंचवीस-तिशीतल्या बायकासुद्धा त्यात होत्या. तेव्हाही आधी हेच म्हणत होतो, डॉक्टरांनी सांगितलं, बाईने ऐकलं, तिची मर्जी. पिशवी काढायला कर्ज, आता पिशवीत गर्भ ठेवायला कर्ज. बाईच्या पोटाभोवती दर दहा वर्षांनी एक नवा धंदा उभा राहतो आणि आपल्याला उशिरा कळतं. या वेळी उशीर होऊ नये, म्हणून ही पोस्ट.

आपल्या राज्याचं माता मृत्यूचं प्रमाण देशात चांगलं आहे. २०१८-२० च्या आकडेवारीत लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ माता मृत्यू होते. याचं श्रेय आशाताई, सिस्टर, १०८ चे चालक आणि सरकारी डॉक्टर यांना आहेच. पण हा आकडा मेलेल्या बायकांचा आहे. मरता मरता वाचलेली बाई कुठल्या फळ्यावर लिहिली जाते? जिचं एक लेकरू गेलं, जिला सहा बाटल्या रक्त चढलं, जी वर्षभर बीपीच्या गोळ्या घेतेय, ती सरकारच्या हिशेबात 'माता सुखरूप' असते.

माझं म्हणणं थोडक्यात, ज्याच्या त्याच्या वाट्याचं.

उपचार घेणाऱ्या जोडप्याने पैसे भरायच्या आधी एवढं विचारा:

१. नोंदणी प्रमाणपत्र कुठे लावलंय आणि ते कितव्या स्तराचं आहे?
२. माझ्या बायकोच्या वयात, तुमच्याकडे, शंभर जोडप्यांमागे किती जणांनी बाळ घरी नेलं?
३. किती भ्रूण सोडणार? एकच सोडलं तर काय बिघडेल?
४. बीज आणि शुक्राणू कुणाचे वापरणार? लेखी द्या.
५. रात्री त्रास झाला तर फोन कोण उचलणार आणि जवळ कुठे जायचं?
६. गर्भ राहिल्यावर पुढच्या डॉक्टरांसाठी मराठीत किंवा सोप्या इंग्रजीत एक पानाचा गोषवारा द्याल का?

उत्तर देताना समोरचा चिडला तर तेच उत्तर समजा आणि उठा.

सासवांनो, आत्याबाईंनो, जावांनो, उपचाराची गोष्ट चारचौघांत सांगू नका, ठीक आहे, तो तिचा खासगी विषय आहे. पण डॉक्टरपासून आणि आशाताईपासून लपवू नका. नवसाचं नारळ जरूर फोडा, फाईल मात्र कपाटाबाहेर काढा. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर-हातांवर सूज, छातीखाली कळ, यातलं काहीही झालं तर पित्ताची गोळी देऊन झोपवू नका. त्याच वेळी बीपी मोजून घ्या.

इथल्या डॉक्टरांना हात जोडून विनंती. गरोदर बाई पहिल्यांदा आली की एकांतात विचारा, गर्भ उपचाराने राहिलाय का. नवरा-सासू समोर असताना ती सांगणार नाही. शिबिर भरवणाऱ्या सेंटरांनीही इथल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाचं नाव आधीच ठरवून द्यावं, गर्भ राहिला की पेशंट तिकडे रीतसर सोपवावी. बुकिंगसाठी एजंट ठेवता, तर फॉलोअपसाठी एक सिस्टर ठेवायला काय जातं?

आणि प्रशासन. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी असते. जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लागतं. माझी साधी मागणी आहे की आयव्हीएफने राहिलेल्या प्रत्येक गर्भाला पहिल्या दिवसापासून लाल स्टिकर लावा, एक असो की जुळं. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही. आरोग्य विभागाचं एक पत्रक पुरे. मोफत शिबिराला परवानगी देताना नोंदणीचा कागद बघायला तर काहीच लागत नाही.

याहून मोठी मागणी अशी की हे उपचार सरकारी दवाखान्यात आणा. गोव्याने २०२३ साली बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सुरू केलं. मुंबईत कामा रुग्णालयातही केंद्र सुरू झालंय. आपल्या बाईने केजहून मुंबईला किती चकरा मारायच्या? अंबाजोगाईला स्वारातीसारखं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आपल्या उशाशी आहे. तिथे निदान वंध्यत्वाची प्राथमिक तपासणी, नवऱ्याच्या तपासणीसकट, आणि प्रामाणिक सल्ला देणारी ओपीडी आठवड्यातून एक दिवस सुरू झाली तरी कितीतरी जमिनी गहाण पडायच्या वाचतील. कारण सगळ्यांना आयव्हीएफ लागतच नाही. काहींना साध्या गोळ्या, काहींना एखादी छोटी शस्त्रक्रिया, काहींना नवऱ्याचे उपचार पुरतात. आमदार-खासदारांनी वाढदिवसाच्या शिबिरात यावर बोलावं.

आता येणाऱ्या कमेंट मला आधीच माहीत आहेत.

'ताई, तुम्ही लोकांना घाबरवताय.' नाही. रस्त्यावर 'पुढे वळण आहे' अशी पाटी लावली म्हणून कुणी गाडी चालवायची सोडत नाही. वेग कमी करतो.

'एवढं सांगितलं तर बायका उपचार घेणारच नाहीत.' घेतील. मूल हवं असलेली बाई धोका उचलायला तयारच असते. पण माहिती असून उचललेला धोका आणि अंधारात माथी मारलेला धोका यात फरक आहे. पहिल्यात ती स्वतः ठरवते, दुसऱ्यात तिच्यावर लादलं जातं.

'डॉक्टरांवर अविश्वास का?' अविश्वास नाही. चांगले डॉक्टर हे सगळं स्वतःहून सांगतात, असे मला भेटलेत. एकीने तर जोडप्याला सरळ सांगितलं होतं, दोन सोडणार नाही, पटत नसेल तर दुसरीकडे जा. जोडपं दुसरीकडे गेलं. म्हणजे खरं बोलणाऱ्या डॉक्टरचा धंदा बुडतो आणि पोकळ खात्री देणाऱ्याचा चालतो. गिऱ्हाईक म्हणून आपण ही रीत बदलली नाही तर चांगल्यांनी तरी किती दिवस तग धरायचा?

शेवटी एकच. मूल होणं हा आनंद आहे, मूल नसणं हा गुन्हा नाही. ज्या बाईला हा रस्ता धरायचाय तिने जरूर धरावा. ज्या बाईला दोन-तीन वेळा फसल्यावर थांबावंसं वाटतं, तिला थांबू द्यावं. दत्तक घ्यावंसं वाटलं तर मागे उभं राहावं. आणि गर्भ राहिला तर पेढे वाटायच्या आधी बीपीचं मशीन आणावं. हजार-दीड हजारात मिळतं, ओटीच्या साडीपेक्षा स्वस्त.

पटलं तर शेअर करा, विशेषतः घरातल्या ग्रुपवर. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, उत्तर देईन. कुणाला स्वतःचा अनुभव सांगायचा असेल तर इनबॉक्समध्ये लिहा, नाव कुठेही येणार नाही. ९ तारखेला दवाखान्यात किती बायकांच्या कार्डाला लाल स्टिकर लागतं, आणि त्यातल्या किती जणींना ते का लागलं हे कुणी समजावून सांगतं, ते मी जाऊन बघणार आहे. जे दिसेल ते इथेच लिहीन.